रक्ताचा रिपोर्ट मशीनमध्ये नव्हे, सुईपाशी बिघडतो!



आपल्याकडे रक्ताच्या रिपोर्टवर जेवढा विश्वास ठेवला जातो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या कागदावर ठेवला जात असेल. डॉक्टर काही बोलला तर माणूस शंका घेतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पण रिपोर्टवर जाड अक्षरात आकडा छापून आला की वाद संपतो. "मशीनने सांगितले आहे" हे आजच्या काळातले वेदवाक्य झाले आहे. ज्या चळवळीने शब्दप्रामाण्य नाकारायला शिकवले, तिच्या घराघरांतही हे मशीनप्रामाण्य बिनतक्रार नांदते आहे. म्हणून हा लेख.

आम्ही त्या मशीनच्या अलीकडे उभी असणारी माणसे आहोत. विदर्भातल्या वस्त्यांमधून आलेले, डीएमएलटी करून लॅबमध्ये लागलेले काही मित्रमैत्रिणी. आमच्यातले बहुतेक जण घरातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीतले. कुणी सरकारी दवाखान्यात कंत्राटावर, कुणी खाजगी लॅबमध्ये, कुणी गाडीवर फिरून घरोघरचे सॅम्पल गोळा करणारा. आम्ही सगळ्यांनी मिळून हजारो दंडांना पट्टा बांधला असेल. त्या अनुभवावरून सांगतो, मशीन सहसा चुकत नाही. मशीनच्या तोंडी जे दिले जाते ते चुकलेले असते. आणि ते कुणाच्या बाबतीत जास्त चुकते, हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही.

लॅबमधल्या चुकांवर जगभर अभ्यास झाले आहेत. त्यांतून दिसते ते असे की साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत चुका नमुना मशीनमध्ये जाण्याच्या आधीच घडलेल्या असतात. चुकीच्या माणसाचे रक्त, चुकीची ट्यूब, कमी रक्त, गोठलेले रक्त, फुटलेले रक्त, उशिरा पोहोचलेले रक्त. लॅबची जाहिरात मात्र कायम मशीनची असते. रक्त काढणाऱ्याची जाहिरात कुणी केलेली आम्ही पाहिलेली नाही.

रक्त काढणे म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. दंडाला पट्टा बांधला की एका मिनिटाच्या आत काम व्हायला हवे. पट्टा जास्त वेळ राहिला तर शिरेतले पाणी बाहेर झिरपते आणि प्रथिने, कॅल्शियम यांचे आकडे वाढीव येतात. मूठ वारंवार उघडझाप करायला लावली तर पोटॅशियम वाढते. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यावे लागते, नाही तर रुग्णाला झोंबते आणि रक्तपेशीही फुटू शकतात. बारीक सुईने जोर लावून ओढले, किंवा सिरिंजमधून दाबून ट्यूबमध्ये ढकलले, तरी पेशी फुटतात. पेशी फुटल्या की त्यांच्या आतले पोटॅशियम बाहेर येते आणि ज्याला काही झालेले नाही त्याचा रिपोर्ट भीतीदायक दिसू लागतो. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून सलाईनच्या वरच्या बाजूने रक्त घेतले, तर तपासणी रुग्णाची न होता बाटलीतल्या पाण्याची होते.

ट्यूबच्या झाकणांचे रंग शोभेसाठी नसतात. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सोडियम सायट्रेट असते आणि तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावेच लागते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए, तेही बहुधा पोटॅशियमचे क्षार. राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये साखर टिकवणारे फ्लोराइड. म्हणून कुठली ट्यूब आधी आणि कुठली नंतर भरायची याचा क्रम ठरलेला आहे : निळी आधी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. एका ट्यूबमधले रसायन दुसरीत जाऊ नये एवढाच त्यामागचा हेतू. जांभळी ट्यूब भरली की आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. झटकायची नाही. हे सगळे नीट करायला एका माणसामागे साधारण पाच मिनिटे लागतात. आमचा सगळा झगडा या पाच मिनिटांसाठी आहे.

आता ती पाच मिनिटे मिळाली नाहीत तर काय होते त्याचे एक उदाहरण. आमच्यापैकी एक जण एका खाजगी लॅबमध्ये मशीनवर होता. बाहेरच्या कलेक्शन सेंटरवरून एका बाईचे सॅम्पल आले. पोटॅशियम नऊच्या वर, कॅल्शियम चारच्या खाली. पोटॅशियम साडेतीन ते पाच असायला हवे. खरोखर नऊ असेल तर हृदय कधीही दगा देईल अशी अवस्था. फोन केला तर बाई घरी स्वयंपाक करत होती. प्रकार लक्षात यायला वेळ लागला नाही. लाल ट्यूबला रक्त कमी पडले म्हणून कुणीतरी जांभळ्या ट्यूबमधले रक्त तिच्यात ओतले होते. ईडीटीए कॅल्शियमला बांधून ठेवते आणि स्वतःबरोबर पोटॅशियम घेऊन येते, त्यामुळे दोन्ही आकडे असे एकदम उलटे होतात. आमच्या मित्राने रिपोर्ट अडवला आणि नवे सॅम्पल मागितले. यावर मालकाचे उत्तर काय? "पुन्हा सॅम्पल मागितले तर डॉक्टर दुसऱ्या लॅबला पेशंट पाठवेल. तू आकडे बघ जरा." म्हणजे आकडे 'नीट' करून दे! मित्राने ते केले नाही. सॅम्पल पुन्हा घेतले गेले, दोन्ही आकडे व्यवस्थित निघाले. पुढच्या महिन्यापासून त्याला रात्रपाळी लागली.

वाचकहो, ही गोष्ट एका मालकाच्या वाईट स्वभावाची म्हणून सोडून देता येत नाही. डॉक्टरला कट देऊन पेशंट मिळवायचा, एका सॅम्पलमागे मिळणाऱ्या पैशातून तो कट भागवायचा, आणि बचत कुठे करायची तर सुईपाशी. मशीनचा हप्ता चुकवता येत नाही. रसायनांचे बिल टाळता येत नाही. कमी करता येतो तो माणूस आणि त्याचा वेळ. म्हणून एका सकाळी साठ-सत्तर जणांचे रक्त एकट्याने काढायचे, त्यांची नावेही स्वतःच लिहायची, पैसेही स्वतःच घ्यायचे. अशा ठिकाणी दोष कुणाचा हे विचारताना बोट नेहमी टेक्निशियनकडे वळते. वेळापत्रक ठरवणाऱ्याकडे वळत नाही.

आता नावाचा मुद्दा. रक्त काढताना सर्वांत धोकादायक चूक सुईची नसते, चिठ्ठीची असते. नियम साधा आहे : रुग्णाला त्याचे नाव सांगायला लावायचे, दुसरी एखादी ओळख विचारायची, आणि ट्यूबवरची चिठ्ठी रक्त घेतल्यावर त्याच्या समोरच लावायची. प्रत्यक्षात काय होते? टेबलामागून आवाज येतो, "तुम्हीच अमुक ना?" आणि समोरची बाई म्हणते, "हो जी." गावाकडच्या शिबिरात आम्ही मुद्दाम पाहिले आहे. नाव चुकीचे घेतले तरी "हो जी" येते. कारण पिढ्यान् पिढ्या साहेबासमोर, पाटलासमोर, डॉक्टरसमोर होकारच द्यायची सवय लावली गेली आहे. नीट ऐकू आले नाही तरी "हो". कळले नाही तरी "हो". परदेशातल्या मार्गदर्शक पुस्तकात लिहिलेले असते की हो-नाही असे उत्तर येणारा प्रश्न विचारू नका. पुस्तकाला त्याचे कारण कदाचित निराळे वाटत असेल. आम्हाला ते कारण आमच्या आयांच्या, आज्यांच्या मान खाली घालून उभे राहण्यात दिसते. म्हणून आम्ही विचारतो, "मावशी, तुमचं नाव सांगा बरं. वय किती? कोणत्या गावच्या?" एकाच गावात एकाच नावाच्या तिघी निघतात, हे विचारल्यावरच कळते.

त्यातही एक काळजी घ्यावी लागते. रांगेत मोठ्याने आडनाव पुकारले की आपल्या देशात आजाराआधी जात उघडी पडते. ओळख पटवायला नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख किंवा वय पुरते. दवाखान्यात आडनावाचा पुकारा करायची गरज नाही.

विदर्भात या चिठ्ठीला वेगळेच वजन आहे, आणि ते सिकलसेलमुळे. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. पुढे विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत तो मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले. आमच्या कित्येक घरांत सांधेदुखीने तळमळणारी, वारंवार रक्त चढवावे लागणारी मुले आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी व्हायलाच हवी, आम्ही तिच्या बाजूने आहोत. पण ७ कोटी हा आकडा सुईच्या ७ कोटी टोचण्या आणि ७ कोटी चिठ्ठ्या मिळून होतो, हे कुणी बोलत नाही.

शिबिरात साधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती एवढेच सांगते की सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही. माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. रुग्णाचे हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर ही साधी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गेल्या काही महिन्यांत रक्त चढवले असेल तर पुढची तपासणीही फसवते, कारण अंगात रक्तदात्याचे रक्त फिरत असते. "अलीकडे रक्त चढवलं होतं का?" हा प्रश्न कुठलेही मशीन विचारत नाही. तो रक्त काढणाऱ्यानेच विचारायचा असतो, आणि उत्तर ऐकण्याइतका वेळ त्याला हवा. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा वेळी दोन मुलींच्या चिठ्ठ्या बदलल्या तर एकीचे ठरलेले लग्न मोडते आणि दुसरी आपला धोका न कळताच संसाराला लागते. या चुकीला 'टेक्निकल एरर' म्हणायचे का?

अशाच एका शिबिरात एका म्हातारीने आम्हाला विचारले होते, "येवढं रगत काढून विकता का जी?" सोबतचे कर्मचारी हसले. आम्हाला हसू आले नाही. जिच्या अंगातून काही घेतले जाते, तिला ते कशासाठी आणि किती, हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आम्ही तिला रिकामी ट्यूब दाखवली. म्हटले, "आजी, चहाच्या चमच्याएवढं घेतो. अंगात पाच लिटरच्या आसपास असतं. तपासून झालं की उरलेलं नष्ट करतो, विकत नाही." ती बसली, तिने स्वतः हात पुढे केला. तिची शीर पहिल्याच प्रयत्नात सापडली. घाबरलेल्या माणसाच्या शिरा आकसतात, हे प्रत्येक टेक्निशियनला ठाऊक आहे. माणसाशी नीट बोलणे हा रक्त काढण्याच्या कामाचाच भाग आहे.

इथे बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधली एक घटना सांगणे गरजेचे आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आले होते, ते बाबासाहेबांनी तिथे दिले आहे. त्या शिक्षकाची बाळंतीण बायको गंभीर आजारी होती. डॉक्टर यायला तयार झाला तो या अटीवर, की रोग्याला वस्तीबाहेर आणायचे. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा वाचला, न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि निघून गेला. त्या बाईचा मृत्यू झाला. आमच्या कामाच्या नजरेने ही घटना वाचा. साधन बरोबर होते, पारा बहुधा बरोबर होता, आकडाही वाचला गेला. फक्त रोग्याला कुणी हात लावला नाही. नाडी नाही, छाती तपासणे नाही, पुन्हा येणे नाही.

आज कुणी उघडपणे तसे करणार नाही. पण हात न लावता माणूस उरकून टाकायची रीत गेली का? फुकटच्या रांगेत उभ्या माणसाला बसायला खुर्ची नसते. तो उभ्यानेच हात पुढे करतो आणि चक्कर येऊन पडतो. हातमोजे संपलेले असतात. एकाच ओल्या बोळ्याने तिघांचे दंड पुसले जातात. सॅम्पल दुपारपर्यंत उन्हात ठेवलेल्या पिशवीत राहतात. साधी ट्यूब असेल तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. उपाशीपोटी १३० साखर असणाऱ्या मजुराचे रक्त तीन तास पडून राहिले तर रिपोर्टवर ११० च्या आसपास आकडा येतो. १२६ च्या वर मधुमेह धरतात. म्हणजे तो मधुमेही असून 'मधुमेह नाही' असे ठरून घरी जातो, आणि काही वर्षांनी पायाची जखम बरी होत नाही म्हणून परत येतो. हृदयाची झडप बदललेल्या बाईची निळी ट्यूब अर्धवट भरली तर रक्त प्रमाणापेक्षा पातळ दिसते. डॉक्टर गोळी कमी करतो आणि झडपेवर गाठ धरण्याचा धोका वाढतो. झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप हा दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांचा आजार आहे, हेही लक्षात घ्या.

रक्त काढून झाल्यावर सुई कुठे जाते? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हवी. सुई पुन्हा टोपणात घालायची नाही, कारण बऱ्याच टोचण्या तिथेच होतात. याच नियमांत कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. आता आपल्या जवळच्या लॅबमधल्या झाडू मारणाऱ्या मावशींना विचारा, लस मिळाली का? पिशवी उचलताना सुई टोचली तर ती कुणाला टोचते आणि तो माणूस कोणत्या वस्तीतून येतो, हे वेगळे सांगायला नको. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस बीचा धोका अशा टोचणीत ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के आहे, आणि त्यावरची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, जमल्यास पहिल्या दोन तासांत सुरू करावी लागतात. हे मावशींना कुणी सांगितलेले असते का? रुग्णाचा रिपोर्ट अचूक आणि कचरा उचलणारी असुरक्षित, अशी लॅब आम्ही दर्जेदार मानत नाही.

काही जण म्हणतील, "फुकट तपासणी मिळते हेच खूप झाले." आमचे उत्तर : चुकीचा फुकट रिपोर्ट सर्वांत महाग पडतो. दुसरी खेप, बुडालेली मजुरी, चुकीचे औषध, आणि वर "या लोकांना कळतच नाही" असा शेरा. दुसरे म्हणतील, "कायदे आहेत की." आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. योग्यच आहे. पण सही शेवटी होते आणि रक्त सुरुवातीला काढले जाते. एनएबीएलची मान्यता ज्या आयएसओ १५१८९ मानकावर मिळते, त्यात रक्त घेण्यापासूनचे टप्पे येतात. पण ती मान्यता ऐच्छिक आहे. २०२१ मध्ये संबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा झाला, त्यात लॅबवाल्यांचाही समावेश आहे. त्या कायद्याने आमची नोंदणी होईल. पण खराब सॅम्पल नाकारल्याबद्दल कंत्राटी टेक्निशियनची नोकरी जाणार नाही, याची हमी कोण देणार?

आमचे म्हणणे एवढेच आहे. लॅबचा दर्जा पाहायचा असेल तर तिथल्या टेक्निशियनला "हे सॅम्पल चालणार नाही" असे म्हणता येते का, ते पाहा. आणि रुग्णाला "थांबा, आधी सांगा" असे म्हणता येते का, ते पाहा. जिथे या दोघांनाही बोलता येत नाही, तिथे मशीन कितीही महागडे असो, रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

म्हणून रक्त द्यायला जाल तेव्हा पुढील गोष्टी जरूर करा :

१. बसायला किंवा आडवे व्हायला जागा मागा. पूर्वी चक्कर आली असेल तर आधी सांगा.
२. आपले पूर्ण नाव आणि वय स्वतः सांगा. नुसत्या "हो"वर भागवू नका.
३. सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढायला सांगा. हातमोजे घातलेत का पाहा.
४. चिठ्ठी तुमच्या समोर ट्यूबवर लागेपर्यंत उठू नका, आणि ती वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.
५. उपाशी आहात की नाही, कोणती गोळी चालू आहे, अलीकडे रक्त चढवले का, हे विचारले नाही तरी सांगा.
६. सॅम्पल तपासणीला कुठे आणि किती वेळात जाणार, ते विचारा.
७. "सॅम्पल पुन्हा द्यावे लागेल" असा फोन आला तर चिडू नका. तिथे कुणीतरी तुमचा रिपोर्ट खोटा छापायला नकार दिला आहे.

आणि आपल्या विहारांत, मंडळांत, महिला बचत गटांत आरोग्य शिबिर भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना विनंती. बॅनर आणि पाहुण्यांची यादी करण्याआधी खुर्च्या, हात धुवायचे पाणी, सुयांचा पांढरा डबा, सॅम्पल नेणाऱ्या गाडीची वेळ आणि एका टेक्निशियनमागे किती माणसे, हे लिहून घ्या. शंभर जणांची नावापुरती तपासणी करण्यापेक्षा चाळीस जणांची नीट करा. उरलेल्या साठ जणांना पुढच्या रविवारची तारीख द्या, आणि त्या रविवारी नक्की या.